तारा निघाल्या, उपचार उरले

मराठवाड्यात दातांना तारा लावण्याचं वय जवळपास ठरून गेलं आहे. आठवी-नववीत तारा बसतात, दीड-दोन वर्षं दर महिन्याला दवाखान्याची फेरी होते आणि दहावीच्या परीक्षेच्या आगेमागे त्या निघतात. त्याच उन्हाळ्यात निकाल लागतो आणि मूल अकरावी-बारावी व ‘नीट’च्या तयारीसाठी लातूरला किंवा नांदेडला रवाना होतं. सामानात पुस्तकं, गादी, चिवड्या-लाडवाचे डबे असतात; दात नव्या जागी धरून ठेवणाऱ्या रिटेनरची डबी कधी असते, कधी राहून जाते. दिवाळीला पोरगं घरी येतं तेव्हा खालच्या ओळीतला एखादा दात शेजारच्यावर किंचित चढलेला दिसतो आणि घरात प्रश्न निघतो: एवढे पैसे घातले, ते पाण्यात गेले का? डॉक्टरांनी काम कच्चं केलं का?

बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. सरळ केलेला दात जुन्या जागेकडे फिरू पाहतो, हे या शास्त्राला त्याच्या सुरुवातीपासून ठाऊक आहे आणि त्यावर शंभर वर्षांहून जास्त काळ काम झालं आहे. दात का सरकतात, कोणते जास्त सरकतात, त्यांना धरून ठेवण्याचे कोणते उपाय चालतात, याची बरीचशी उत्तरं आज हाती आहेत. तरीही नांदेड-लातूरकडच्या घरांत तारा निघाल्या म्हणजे उपचार संपले, असाच समज पक्का आहे. त्याला इथल्या शिक्षणाचं, दवाखान्यांचं आणि पैशाच्या व्यवहाराचं वेळापत्रकही जबाबदार आहे. म्हणून आधी दातांचं शास्त्र पाहू आणि मग आपल्याकडची परिस्थिती.

दात हलू शकतो, म्हणूनच सरळ होतो

बोटाला दात घट्ट लागतो, पण तो हाडात थेट रुतलेला नसतो. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा थर असतो. दात या तंतूंच्या आधाराने हाडाच्या खोबणीत टांगलेला असतो. तारेचा हलका पण सतत दाब पडला की दात ज्या बाजूला ढकलला जातो, तिकडचं हाड काही पेशी विरघळवतात आणि मागे मोकळ्या होणाऱ्या बाजूला दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेडने १९०४-०५ च्या सुमारास कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून ही हाडांची घडामोड सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. दात या वाटेने महिन्याला साधारण एक मिलिमीटर चालतो. उपचाराला दीड-दोन वर्षं लागतात ती यामुळे.

तारा निघतात त्या दिवशी दात नव्या जागी दिसतात, पण त्यांच्याभोवतीचं हाड अजून कोवळं असतं. तंतूंचा थर रुंदावलेला असतो, त्यामुळे दात किंचित हलतातही. मुळाभोवतीचे तंतू नव्या जागेशी जुळवून घ्यायला तीन-चार महिने घेतात. हिरडीतले तंतू चार ते सहा महिने घेतात. दाताच्या मानेभोवती, हाडाच्या वरच्या भागात असलेले लवचीक तंतू सगळ्यांत चिवट असतात. त्यांना जवळपास वर्ष लागतं. नॉर्वेच्या कोरे रायटनने १९५९ मध्ये कुत्र्यांवरच्या अभ्यासात दाखवलं, की फिरवलेला दात २३२ दिवस धरून ठेवला तरी हे तंतू ताणलेलेच राहिले होते. ताणून ठेवलेल्या रबरासारखे ते दाताला मूळ दिशेने ओढत राहतात.

आधी स्वतःभोवती पिळलेला, म्हणजे तिरपा वळलेला दात सरळ केल्यावर सगळ्यांत लवकर का फिरतो, याचं उत्तर इथे मिळतं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या एडवर्ड्स यांनी यावर एक छोटी शस्त्रक्रिया मांडली: भूल देऊन दाताच्या मानेभोवतीचे हे तंतू कापायचे, म्हणजे ते नव्या जागी नव्याने जुळतात. पुढे पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यातही तिचा उपयोग दिसला. खालच्या दातांपेक्षा वरच्या पुढच्या दातांना जास्त. आपल्याकडे ती फारशी केली जात नाही. मात्र फार पिळलेले दात असतील तर डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारायला हरकत नाही. वरच्या दोन पटाशीच्या दातांमधली मोठी फट बंद केली असेल तर तीही अशीच उघडू पाहते. ओठापासून तिथे येणारा मांसल पट्टा जाड असेल तर त्याचाही विचार करावा लागतो.

ओढ फक्त हिरडीची नसते

वर्षभर दात नीट धरला आणि तंतू बसले, तर मग काम संपलं का? इथेच दुसरं कारण पुढे येतं. दातांच्या ओळीला आतून जिभेचा आणि बाहेरून ओठ-गालांचा दाब असतो. या दाबांच्या मधल्या जागेत दात उभे असतात. अमेरिकी ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करण्याचे तज्ज्ञ) विल्यम प्रॉफिट यांनी १९७८ मध्ये या समतोलाचा नव्याने हिशेब मांडला. गिळताना जीभ दातांवर जोरात आपटते खरी, पण माणूस दिवसातून हजारेक वेळा गिळतो आणि प्रत्येक वेळी तो दाब सेकंदभर टिकतो. सगळा मिळून वेळ काही मिनिटांचा. दात हलायला दाब हलका असला तरी चालतो, पण तो दिवसाकाठी सुमारे सहा तास टिकावा लागतो. म्हणून जीभ गिळताना काय करते यापेक्षा ती तासन्‌तास कुठे टेकलेली असते, हे जास्त महत्त्वाचं. नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणारं मूल जीभ खाली ठेवतं. अंगठा चोखणारं मूल वरच्या दातांना रात्रभर पुढे रेटतं. ही सवय तशीच राहिली तर तारांनी केलेलं काम हळूहळू उलटतं. नाक चोंदणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावं लागतं.

समतोलाचा हा नियम उपचार करणाऱ्यालाही बांधतो. खालच्या दोन सुळ्यांमधलं अंतर मूळच्यापेक्षा फार वाढवलं, तर गाल आणि ओठ ते पुन्हा कमी करतात. जागा कमी असताना दात न काढता सगळे एका ओळीत बसवण्याचा हट्ट धरला, तर परतीचा धोका वाढतो. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांच्या पंथाने एकही दात न काढण्याचा आग्रह धरला होता. त्यांचाच शिष्य चार्ल्स ट्वीड याने आपल्या रुग्णांचे दात परत फिरलेले पाहिले आणि उपदाढा काढून पुन्हा उपचार केले. १९४० च्या दशकापासून ती पद्धत जगभर पसरली. म्हणून ‘चार दाढा काढायला का सांगितल्या’ असा राग धरण्याआधी त्यामागचं कारण विचारून घ्यावं. दात काढल्याने परत फिरणं पूर्ण थांबत नाही, हेही खरं.

तिसरं कारण वयाचं. खालचा जबडा वरच्यापेक्षा उशिरापर्यंत वाढतो, मुलांमध्ये तर विशीच्या आसपासपर्यंत. वाढताना खालचे पुढचे दात वरच्या दातांवर आणि ओठांवर जाऊन टेकतात, मागे झुकतात आणि एकमेकांत घुसतात. विशीनंतर वाढ थांबली तरी दातांच्या कमानीची लांबी वर्षागणिक थोडी-थोडी घटत राहते. सिंक्लेअर आणि लिटल यांनी १९८३ मध्ये कधीही तारा न लावलेल्या, चांगल्या दातांच्या लोकांच्या दातांचे साचे वर्षानुवर्षांच्या अंतराने तपासले. तिथेही कमान आखूड झाली होती आणि खालचे दात दाटले होते. ज्याला कधी तारा लागल्या नाहीत त्याचे दातही सरकतात. फक्त तो रोज आरशासमोर त्यांचा हिशेब ठेवत नाही.

सिॲटलमधले साचे

हे सगळं किती प्रमाणात घडतं, याचं सगळ्यांत बोलकं उत्तर अमेरिकेतल्या सिॲटल इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातून आलं. तिथे रिचर्ड रीडेल आणि रॉबर्ट लिटल यांनी उपचार झालेल्या रुग्णांच्या दातांचे साचे दशकानुदशकं जपून ठेवले. लिटल यांनी १९७५ मध्ये खालच्या पुढच्या सहा दातांचा वाकडेपणा मिलिमीटरमध्ये मोजण्याची एक सोपी पट्टी तयार केली. ती आजही जगभर वापरली जाते. १९८१ मध्ये त्यांनी पहिल्या उपदाढा काढून उपचार केलेल्या ६५ रुग्णांचे, रिटेनर बंद केल्यानंतर किमान दहा वर्षांनी घेतलेले साचे मोजले. खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेल्यांचं प्रमाण ३० टक्क्यांहून कमी निघालं. १९८८ मध्ये ३१ जणांचा वीस वर्षांपर्यंतचा हिशेब आला, तेव्हा ते प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास उरलं होतं.

हे आकडे ऐकून घाबरायला होतं, पण त्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. या लोकांनी रिटेनर बंद केलेला होता. सरकलेले दात पूर्वीइतके वाकडे झाले असंही सरसकट नव्हतं. बऱ्याच जणांत सुधारणेचा काही भाग टिकला होता. या अभ्यासातून निघालेली सर्वांत उपयोगी गोष्ट वेगळीच आहे: कोणाचे दात सरकतील आणि कोणाचे टिकतील, हे मुलगा-मुलगी, वय, सुरुवातीचा वाकडेपणा यांपैकी कशावरूनही आधी सांगता आलं नाही. ज्याचे दात सुरुवातीला जरासेच वाकडे होते त्यालाही सूट नव्हती. म्हणून आज जगभरातले बहुतेक ऑर्थोडॉन्टिस्ट सांगतात की सरळ दात हवे असतील तोवर, निदान रात्री तरी, रिटेनर हवा.

अक्कलदाढेवरचा आळ

अठरा-वीस वर्षांच्या मुलाचे खालचे दात दाटले की पहिला आळ अक्कलदाढेवर येतो. ‘मागून दाढ ढकलतेय, काढून टाका’ हा सल्ला ओळखीचे, शेजारी आणि कधीकधी दवाखानेही देतात. दोन गोष्टी एकाच वयात घडतात, म्हणून एक दुसरीचं कारण वाटते. १९९० मध्ये सिॲटलच्याच गटाने अक्कलदाढ नसलेल्या, अडकलेल्या, काढलेल्या आणि नीट उगवलेल्या लोकांची तुलना केली. खालच्या दातांच्या दाटीत लक्षणीय फरक मिळाला नाही. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या हॅरॅडीन आणि सहकाऱ्यांच्या चाचणीतही, दाटी टाळण्यासाठी म्हणून अक्कलदाढ काढायला आधार सापडला नाही. दाढ दुखते, किडली आहे, हिरडी सुजते, शेजारची दाढ खराब करते, या कारणांनी ती जरूर काढावी. पुढचे दात सरळ राहावेत एवढ्यासाठी काढू नये.

इथली अडचण

आता आपल्याकडे पाहू. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. मराठवाड्याला औरंगाबादचं (आताच्या संभाजीनगरचं) शासकीय दंत महाविद्यालय मिळालं ते १९८२ मध्ये. लातूरला एमआयडीएसआर आणि नांदेडजवळ पांगरीला नांदेड रुरल ही दंत महाविद्यालयं त्यानंतरची. त्यामुळे तारा लावणं ही गोष्ट इथल्या मध्यमवर्गात एका पिढीपूर्वी आली. डोळ्यांचा नंबर किंवा मधुमेह सांभाळण्याचा अनुभव घरात आजी-आजोबांपासून असतो. तारा काढल्यानंतर वीस वर्षांनी काय होतं हे सांगणारं बहुतेक घरांत कोणी नाही. ज्यांच्या दातांना २००० च्या आसपास तारा लागल्या, ती पिढी आता चाळिशीकडे चालली आहे आणि आपले दात पुन्हा दाटलेले पाहून आपल्या मुलांसाठी तोच उपचार शोधते आहे.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. दातांना सगळ्यांत जास्त धरून ठेवायची गरज असते ती तारा निघाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात. नेमक्या त्याच वर्षी मूल लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगरच्या आसपास वसतिगृहात राहायला जातं. पहाटेपासून रात्रीपर्यंत वर्ग, चाचण्या, मेसचं जेवण. जेवताना रिटेनर कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला की तो ताटाबरोबर कचऱ्यात जातो. घरी सांगायची भीती वाटते, दवाखाना दुसऱ्या गावी असतो आणि चार महिने निघून जातात. मुलींच्या बाबतीत तेच लग्नाच्या वेळी होतं: स्थळं बघायला सुरुवात होण्याआधी तारा लावतात, लग्नानंतर मुलगी पुण्याला किंवा हैदराबादला जाते आणि डॉक्टर मागे राहतात.

तिसरी अडचण दवाखान्याच्या रचनेची. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातूर शहरात तज्ज्ञ ऑर्थोडॉन्टिस्ट कायम बसतात; पण उदगीर, अहमदपूर, निलंगा, देगलूर, मुखेड, भोकर अशा तालुक्याच्या गावांत दवाखाना साध्या दंतवैद्याचा असतो आणि ऑर्थोडॉन्टिस्ट महिन्यातून एखाद-दोन दिवस येऊन जातात. तारा असेपर्यंत ही पद्धत चांगली चालते, कारण दर महिन्याला एक हप्ता आणि एक भेट जोडलेली असते. तारा निघतात त्याच दिवशी शेवटचा हप्ता फिटतो. पुढे पेशंटला यायला निमित्त नाही, डॉक्टरांना बोलवायला निमित्त नाही. रिटेनरची तपासणी कोणाच्याच हिशेबात नसते.

याशिवाय काही गोष्टी इथल्या मातीच्या आणि खाण्याच्या आहेत. किनवट तालुक्यासह नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं भारतीय मानक सांगतं. ज्या मुलांच्या दातांवर त्यामुळे पांढरे-तपकिरी डाग पडले आहेत, त्यांच्या दाताच्या वरच्या थरावर चिकटवण्याचं द्रव्य नीट धरत नाही आणि मागे चिकटवलेली तार सुटण्याचा धोका वाढतो. अशांना तार बसवताना आधी तसं सांगावं, म्हणजे डॉक्टर दाताची तयारी जास्त काळजीने करतात. ऊस सोलणं, पेरू पुढच्या दातांनी तोडणं, हुरड्याबरोबर कडक गूळ फोडणं यानेही ती तार निखळते. आणि मे महिन्यातल्या बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवलेला प्लास्टिकचा रिटेनर वाकतो. उकळत्या पाण्याने धुतला तरी तेच होतं.

चाळिशीतल्या माणसाचे वरचे पुढचे दात अचानक पुढे येऊन फटी पडू लागल्या तर मात्र ते तारांचं जुनं काम उलटलं असं समजू नये. ते बहुधा हिरडीच्या आजाराचं लक्षण असतं. मधुमेह, तंबाखू, मिस्री यांनी हा आजार वाढतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुटी तंबाखू आणि सुपारी पावलोपावली दिसते. तसंच सहाव्या वर्षी येणारी पहिली मोठी दाढ किडून काढली आणि जागा तशीच रिकामी ठेवली, तर शेजारची दाढ त्या जागेत कलते, समोरची खाली उतरते आणि हळूहळू पूर्ण चावा बदलतो. तिथे रिटेनरने काही होणार नाही. ती जागा भरावी लागते.

कोणता रिटेनर, किती वेळ

मुख्य प्रकार तीन. पहिला, अमेरिकेच्या चार्ल्स हॉले यांनी १९१९ मध्ये मांडलेली प्लेट: टाळूवर गुलाबी ॲक्रिलिक आणि पुढून एक तार. ती टिकाऊ असते, दुरुस्त करता येते, दाढांना एकमेकांवर नीट बसायला वाव देते. पण दिसते आणि सुरुवातीला बोलणं बोबडं होतं. दुसरा, पारदर्शक प्लास्टिकचा. दाताच्या साच्यावर तापवून ओढलेला. १९९३ मध्ये जॅक शेरिडन यांनी त्याचा एसिक्स हा प्रकार मांडला आणि तो लोकप्रिय झाला. तो दिसत नाही, लवकर बनतो, स्वस्त पडतो. मात्र रात्री दात खाणाऱ्याचा तो वर्ष-दीड वर्षात झिजतो. तो घालून चहा, सरबत किंवा कोल्ड्रिंक पिऊ नये. साखर आत अडकून दात किडतात. तिसरा, दातांच्या मागे चिकटवलेली पिळदार बारीक तार. नॉर्वेच्या ब्यॉर्न झाक्रिसन यांनी १९७७ मध्ये अनेक पदरी तारेची पद्धत मांडली आणि ती आज सर्वत्र वापरली जाते.

यातला सर्वांत चांगला कोणता? २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याने ४७ अभ्यास एकत्र तपासले. कोणताही एक प्रकार सर्वांत सरस आहे असं म्हणायला भक्कम पुरावा मिळाला नाही. काढता येणारा रिटेनर सुरुवातीला पूर्ण वेळ घालायचा की फक्त रात्री, यावर ब्रिटनमध्ये २०१० च्या सुमारास दोन चाचण्या झाल्या. हॉलेच्या प्लेटमध्ये आणि प्लास्टिकच्या रिटेनरमध्ये, दोन्हीकडे अर्धवेळ घालणाऱ्यांच्या दातांत मोठा फरक पडला नाही. सहा तासांचा जो नियम दात हलवतो, तोच रात्रीच्या सात-आठ तासांना उपयोगी पाडतो. तरी बरेच डॉक्टर पहिले तीन ते सहा महिने जेवण-दात घासणं सोडून पूर्ण वेळ आणि मग रात्री, अशी चाल सांगतात. दात फार पिळलेले किंवा फट मोठी असेल तर ती चाल सोडू नये.

वसतिगृहात जाणाऱ्या मुलासाठी, माझ्या मते, सर्वांत व्यवहारी जोडणी अशी: खालच्या सुळ्यापासून सुळ्यापर्यंत मागे चिकटवलेली तार आणि वर रात्री घालायचा रिटेनर. खालचे दात सगळ्यांत आधी सरकतात आणि ती तार मुलाच्या आठवणीवर अवलंबून नसते. पण तिलाही देखभाल लागते. मागे कीटण साचतं, म्हणून दातांच्या मधला बारीक ब्रश वापरायचा आणि सहा महिन्यांनी दात साफ करून घ्यायचे. एखाद्या दातावरची चिकटवण सुटली तर तार जागेवरच दिसते आणि तेवढा एकच दात निसटतो; महिन्यातून एकदा मोबाइलचा टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पाहावं, जिभेने चाचपावं. क्वचित तार अखंड असूनही तिच्यातला पीळ दाताला भलतीकडे वळवतो. दाताचं मूळ हिरडीतून उठून दिसू लागलं किंवा दात विचित्र झुकला तर थांबू नये.

काढता येणाऱ्या रिटेनरसाठी नियम मोजके: तोंडात नाही तेव्हा तो डबीत, आणि डबी दप्तरात. गार पाणी व मऊ ब्रशने धुवायचा. एक जादा जोड पहिल्याच दिवशी बनवून घरी ठेवायचा. आणि शेवटचा साचा किंवा स्कॅन आपल्याकडे मागून घ्यायचा. तो असला की लातूरमध्ये हरवलेला रिटेनर लातूरमध्येच पुन्हा बनतो, किनवटला जावं लागत नाही.

दात सरकलेच तर

आधी रिटेनर घालून पाहावा. घट्ट लागतो पण पूर्ण बसतो, तर अजून वेळ गेलेली नाही; काही दिवस तो जवळपास पूर्ण वेळ घालावा आणि तो पुन्हा सैल वाटेपर्यंत हे सोडू नये. तो पूर्ण बसत नसेल, एका कडेला उचलून राहत असेल, तर बळ लावू नये. दाताला किंवा हिरडीला इजा होईल आणि रिटेनरही तडकेल. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावा. दवाखाना लांब असेल तर आरशासमोर पुढून, खालून-वरून असे फोटो काढून पाठवावेत. तातडी किती हे त्यावरून तरी कळतं.

किंचित सरकलेल्या दातांसाठी सगळ्या तारा पुन्हा लागतातच असं नाही. दातांच्या कडा पातळ पट्टीने जरा घासून, दर दोन दातांमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आत जागा करून, पारदर्शक अलायनरने (दात हळूहळू सरकवणाऱ्या प्लास्टिकच्या साच्यांनी) काही महिन्यांत खालची ओळ नीट करता येते. कधी थोड्याच दातांवर ब्रॅकेट लावून काम भागतं. चावा बदलला असेल, वरचे दात पुन्हा पुढे आले असतील, तर पूर्ण उपचार आणि आधी कारणाचा शोध: जीभ, नाक, सवय, जबड्याची वाढ. हिरडी सुजलेली असेल, रक्त येत असेल, तर आधी तिचे उपचार; आजारी हिरडीत दात हलवला तर तो गमावण्याची भीती असते. नवीन रिटेनर नुसता आजच्या जागी करून घेणं आणि थोडा वाकडेपणा मान्य करणं, हाही एक शहाणा पर्याय आहे.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये. फट बुजवायला दोन दातांभोवती रबर बँड अडकवण्याचे व्हिडिओ फिरतात. मूळ खाली निमुळतं असल्यामुळे रबर हिरडीखाली सरकतं, दिसेनासं होतं आणि मुळाभोवतीचं हाड खात राहतं. निरोगी दात अशाने पडल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. घरी साचा पाठवून मागवलेल्या अलायनरचंही तसंच: एक्सरे आणि हिरडीची तपासणी न करता हलवलेल्या दातांची जबाबदारी कोणाची, हे आधी विचारावं. घरपोच अलायनर विकणारी अमेरिकेतली मोठी कंपनी स्माइलडायरेक्टक्लब डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा उपचार अर्धवट असलेले ग्राहक अधांतरी राहिले.

खर्च परवडत नसेल तर लातूर, नांदेड आणि संभाजीनगरच्या दंत महाविद्यालयांचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. तिथे वेळ जास्त जातो, पण शिक्षकांच्या देखरेखीत काम होतं आणि पेशंटची नोंद संस्थेकडे राहते. डॉक्टर बदलले तरी नोंद हरवत नाही, हा रिटेनरच्या काळात मोठा फायदा आहे.

तारा लावण्याआधीच ठरवायच्या गोष्टी

म्हणून तारा लावण्याआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. सांगितलेल्या खर्चात रिटेनर धरला आहे का, आणि हरवला तर दुसरा कितीला पडेल? तारा निघाल्यावर पहिल्या वर्षात किती भेटी असतील? मूल दुसऱ्या गावी गेलं तर तिथे कोणाला दाखवायचं? साचा आणि नोंदी आम्हाला मिळतील का? जे दवाखाने शेवटचा थोडा हप्ता तारा निघाल्यानंतर सहा महिन्यांनी, तपासणीच्या भेटीला घेतील, त्यांचे पेशंट परत येतील. जमत असेल तर तारा दहावीच्या तोंडावर काढण्यापेक्षा वर्षभर आधी निघतील अशा बेताने सुरुवात करावी, म्हणजे पहिलं नाजूक वर्ष मुलाचं घरीच जाईल. हे दर मुलाला जमेल असं नाही. काहींच्या जबड्याच्या वाढीसाठी उशीरच योग्य असतो. पण विषय तरी निघायला हवा.

घरोघरी तारांचा हिशेब दोन वर्षांचा मांडतात. तो निदान दहा वर्षांचा मांडावा. रात्री रिटेनर घालायची तयारी, तो बदलायचे पैसे आणि अधूनमधून तपासणी यांसकट. तेवढी तयारी नसेल आणि दात थोडेच वाकडे असतील, चावताना त्रास नसेल, हिरडी निरोगी असेल, तर तारा न लावणं हाही पूर्ण योग्य निर्णय आहे. स्वच्छ ठेवलेले, किंचित वाकडे दात आयुष्यभर चांगलं काम देतात.